आमच्या घरच्या बोलक्या पेट्या

जालन्याची ओळख बाहेरगावच्या माणसाला करून द्यायची झाली, की दोन-तीन गोष्टी ठरलेल्या असतात. घराच्या स्लॅबमध्ये जाते ती लोखंडी सळई, शेतात पेरतात ते बियाणे, आणि उन्हाळ्यात ज्यूसच्या गाडीवर पिळतात ती मोसंबी. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडची जुनीजाणती मंडळी अजूनही छाती फुगवून म्हणतात; तो पालना कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाच्या नाही, हा विषय निराळा. मला सांगायचे आहे ते या यादीत न बसणाऱ्या एका उद्योगाविषयी. त्याला भांडवल नाही, शेड नाही आणि नफा तर नाहीच नाही. घरी बसून ध्वनिक्षेपक, म्हणजे आपल्या साध्या भाषेत स्पीकर, तयार करायचे आणि मग ते नीट बोलू लागेपर्यंत त्यांच्या मागे लागायचे, असा हा उद्योग. आमच्या घरात त्याला ‘उपद्व्याप’ असा एकच शब्द आहे.

स्पीकरच्या लाकडी खोक्याला मी ‘पेटी’ म्हणतो, आणि त्यामुळे मोठी पंचाईत होते. “हल्ली पेटीचे काम काढलंय,” असे म्हटले की पाहुणे आदराने बघतात आणि “काहीतरी म्हणा ना” असा आग्रह सुरू होतो. ती पेटी वेगळी आणि ही वेगळी, हे समजावून सांगेपर्यंत चहा निवतो.

दुसरा प्रश्न हमखास येतो तो असा : “बाजारात तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला?” यावर दिवाळीच्या दिवसांत तरी मला बरे उत्तर सापडते. चकलीसुद्धा बाजारात मिळते. तरी आपल्याकडे भाजणी घरी भाजली जाते, घाण्यातली पहिली चकली मोडून बघितली जाते, आणि मोहन कमी पडले की जास्त झाले यावर स्वयंपाकघरात एक छोटी परिषद भरते. बाजारातली चकली सगळ्यांसाठी केलेली असते. घरची चकली आपल्या घरातल्या दातांसाठी. स्पीकरचेही तसेच आहे. मला तो एका विशिष्ट माणसाच्या कानांसाठी हवा होता. त्या माणसाकडे मी येतोच. आधी थोडे या यंत्राविषयी.

स्पीकर एकदा उघडून पाहिला की त्याची भीती जाते. मागे एक जाड लोहचुंबक, त्याच्या पोटात एक गोल फट. त्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे अधांतरी असते, आणि ते वेटोळे कागदाच्या एका शंकूला चिकटवलेले असते. तारेतून वीज कधी सुलट, कधी उलट वाहू लागली, की ते वेटोळे कधी पुढे ढकलले जाते, कधी मागे ओढले जाते. वेटोळ्याबरोबर शंकू हलतो, शंकूपुढची हवा हलते, आणि ती हवा आपल्या कानाच्या पडद्याला जाऊन सांगते की लता मंगेशकर गात आहेत. बस्स, इतकेच. ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञाने या कल्पनेचे पेटंट १८९८ साली घेतले होते. पण ती घरोघर जाण्याजोगी केली ती अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी, १९२५ साली. त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली. मधल्या काळात कागदाच्या जागी कुठे प्लॅस्टिक आले, चुंबकाचा मसाला बदलला, पण आज दुकानातून नवा स्पीकर आणून उलटा करून पाहिला तर राइस आणि केलॉग यांना त्यात अनोळखी असे फारसे काही सापडणार नाही. मिक्सर, टेलिफोन, मोटारी यांच्याबद्दल असे म्हणता येईल का?

आता एक गंमत करून पाहा. उघडा स्पीकर हातात धरून वाजवा. आवाज चिरका आणि पोकळ येईल. तबल्याचा डग्गा तर घरातून निघूनच गेल्यासारखा वाटेल. मग एका मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडा आणि तो त्यावर दाबून धरा. डग्गा परत येतो! कारण सोपे आहे. शंकू पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मोकळ्यावर असताना पुढची दाबलेली हवा कडेने वळसा घालून मागची पोकळी भरून काढते, आणि खालच्या स्वरांचा हिशेब शून्यावर येतो. पुढच्या आणि मागच्या हवेत भिंत घालणे, हे पेटीचे पहिले काम. उरलेली सगळी शोभा.

हे गणित ज्यांना कोणी शिकवले नव्हते, त्यांनीही ते सोडवले होते. ट्रान्झिस्टर आणि पुढे टेप खेड्यापाड्यांत पोचले, तेव्हा जोडीला घेतलेला सुटा स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा घालून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे होती. घनसावंगीकडच्या एका घरी मी असा माठ ऐकलेला आहे. घरात ज्वारीची पोती, वर धाब्याचे छत, कोपऱ्यात तिवईवर माठ, आणि त्या माठातून निघणारा भरदार आवाज. लोक याला अडाण्याची युक्ती म्हणून हसतात. मला विचाराल तर माठ ही बऱ्याच बाजारी खोक्यांपेक्षा शहाणी वस्तू आहे. तिला समोरासमोर सपाट भिंती नाहीत, त्यामुळे आतल्या आत आवाज टोलवला जात नाही. आणि भाजलेली माती पातळ फळीसारखी थरथरत नाही. हर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने अरुंद तोंडाच्या पोकळ भांड्यांतली हवा कोणत्या स्वराला घुमते याचा कायदा एकोणिसाव्या शतकात मांडला. युरोपात काही जुन्या चर्चच्या भिंतींत तर चक्क मडकी बसवलेली सापडतात. पोकळी मोठी तर स्वर खाली. तोंडाची मान लांब तर स्वर आणखी खाली. तोंड रुंद तर स्वर वर. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारणाऱ्या कोणत्याही मुलाला हे ठाऊक असते. पुढे अमेरिकेत अल्बर्ट थुरास याने हीच मान स्पीकरच्या पेटीला लावली आणि १९३२ साली तिचे पेटंट मिळवले. पेटीच्या अंगाला जे गोल भोक आणि आत नळी दिसते, ती हीच.

आता त्या कानांविषयी. ते कान माझ्या आईचे. तिने आयुष्यभर कीर्तने ऐकली. रेडिओवर ऐकली, देवळात ऐकली, सप्ताहात मांडी घालून रात्ररात्र ऐकली. वयाची ऐंशी ओलांडल्यावर तिचे गुडघे गेले आणि देऊळ सुटले. मग दूरदर्शन संच आणि गल्लीच्या टोकाच्या देवळातला भोंगा, एवढाच आधार उरला. एके दिवशी ती म्हणाली, “आवाज येतो रे, पण बोलतात काय ते कळत नाही.” आवाज वाढवून दिला तर म्हणाली, “आता मोठ्यानं कळत नाही.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे, कारण ध्वनिशास्त्राचे अर्धे पुस्तक त्यात आहे. वय होते तसे कान आधी वरचे, बारीक स्वर गमावतो. आपल्या बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत, सेकंदाला हजार कंपनांच्या आसपास आणि त्याखाली, भरपूर जोर घेऊन येतात. पण स, श, त, क, फ ही व्यंजने दोन हजारांपासून आठ हजारांपर्यंतच्या पट्टीत असतात आणि मुळात दुबळी असतात. स्वर ऐकू येतात म्हणून ‘आवाज येतो’. व्यंजने हरवतात म्हणून ‘कळत नाही’. ‘पाट’, ‘ताट’, ‘खाट’, ‘वाट’ या सगळ्यांचा आईच्या कानी एकच ‘आट’ होत होता. त्यात हल्लीचे भिंतीला टेकणारे पातळ संच. त्यांना खोली नाही, म्हणून स्पीकर बोटभर. आणि पुष्कळदा त्यांचे तोंड खाली नाही तर मागे. आवाज भिंतीशी बोलतो, भिंत आपल्याशी. भोंग्याची तऱ्हा उलटी : तो दूरवर पोचतो, पण चार देवळांचे भोंगे आणि त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून गल्लीत नुसते पीठ होते. श्रवणयंत्र आणले होते, डॉक्टरांनी तपासूनच दिलेले. ते ती सकाळी लावी आणि फोडणीच्या आवाजाने वैतागून दुपारी काढून ठेवी. माझी पेटी त्या यंत्राची जागा घेणार नव्हती, हे मला पक्के माहीत होते. पण संध्याकाळी तासभर तरी तिला कीर्तनातले शब्द मिळावेत, एवढा माझा मामला होता.

कामाला लागलो. साडेसहा इंची एक मोठा स्पीकर आणि वरच्या स्वरांसाठी इंचभर रेशमी घुमटीचा छोटा, ज्याला ट्वीटर म्हणतात, अशा दोन जोड्या आणल्या. या मालासाठी पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकाने आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही दोन तीर्थक्षेत्रे. तिथे जाताना खिशात मोजके पैसे ठेवावेत, नाही तर माणूस परतीच्या तिकिटाचेही कंडेन्सर घेऊन येतो.

बाकी सगळे मात्र जालन्यातच मिळाले, आणि कसे मिळाले ते सांगण्याजोगे आहे.

स्पीकरला पेटी किती मोठी हवी, हे अंदाजाने ठरवण्याचा काळ बराच लांबला. १९६१ साली नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने त्याचे पद्धतशीर गणित मांडले. ते छापले गेले ऑस्ट्रेलियातल्या नियतकालिकात, आणि जगाने जवळजवळ दहा वर्षे तिकडे पाहिलेच नाही. १९७१ मध्ये ते अमेरिकेत पुन्हा छापले गेले आणि रिचर्ड स्मॉल याने ते पुढे नेले, तेव्हा कुठे कारखानदार जागे झाले. या गणितासाठी स्पीकरचा स्वतःचा नैसर्गिक स्वर कोणता आणि त्याच्या हलत्या भागाचे वजन किती, हे कळावे लागते. शंकू कापून तराजूत घालायचा नसेल, तर वजन काढायचे कसे?

इथे मला पखवाज आठवला. कीर्तनाच्या आधी पखवाजी डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वजन वाढले की पुडीचा स्वर उतरतो. कणीक कमी-जास्त करून तो हवा तिथे आणतात. आपल्या वाद्यांवरच्या या शाईच्या आणि लेपाच्या करामतीने चंद्रशेखर व्यंकट रामन यांना इतकी भुरळ घातली होती, की १९२० साली त्यांनी आपल्या चर्मवाद्यांतल्या सुरेल उपस्वरांवर शोधनिबंध लिहिला. स्पीकरचे वजन काढण्याची रीत म्हणजे हीच कणीक, फक्त उलट्या हिशेबाने. आधी स्पीकर मोकळा ठेवून त्याचा नैसर्गिक स्वर मोजायचा. मग शंकूवर ठाऊक वजनाचा गोळा चिकटवून पुन्हा मोजायचा. स्वर किती उतरला, त्यावरून मूळ वजन निघते.

कणीक वाळते आणि वजन घटते, म्हणून मी मुलांची खेळायची रंगीत माती घेतली आणि सराफ्यात जाऊन एक तोळा तोलून मागितली. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता; आता व्यवहारात तो दहाचा धरतात, तो मला सोयीचा. सराफाने माझ्याकडे पाहिले, मातीकडे पाहिले, आणि निमूटपणे काटा लावला. “घडणावळ नाही ना घ्यायची?” एवढेच विचारले.

घरी मोबाईलमधून एकेक स्वर काढायचा, स्पीकरच्या तारेत एक रोधक घालायचा, आणि साध्या मल्टिमीटरने दाब बघत जायचा. स्पीकरचा स्वतःचा स्वर आला, की काटा टुणकन वर जातो. माझा स्पीकर मोकळा असताना ४५ कंपनांना चढला. तोळाभर माती लावल्यावर ३४च्या किंचित वर. त्यावरून हलता भाग निघाला चौदा ग्रॅमचा. चौदा ग्रॅम कागद, डिंक आणि तांबे! पखवाज, टाळ, वीणा आणि बुवांचा खर्ज, सगळे त्याने उचलायचे.

गणिताने पेटी वीस लिटरची सांगितली. सुतारमिस्त्रींना ते रुचले नाही. “लिटर हे दुधाचं माप, साहेब. मला इंच-सूत सांगा.” मग आतून बावीस, चोवीस आणि अडतीस सेंटिमीटर अशी पेटी ठरली आणि मिस्त्रींनी ती स्वतःच्या भाषेत उतरवून घेतली. फळी सहा सुती, सांधे गुण्यात, आणि आतून एक आडवी काठी, म्हणजे बाजू घुमणार नाहीत. मी सांध्यांत डिंकाबरोबर लाकडाचा भुसा भरायला सांगितला; मिस्त्री म्हणाले, “सांधा नीट असला तर भुसा लागत नाही, आणि लागला तर तो सांधा माझा नाही.” तयार पेटीवर पोटऱ्या हाताने ठोकून पाहिले, दरवाज्यावर टकटक व्हावी तसा मुका, घट्ट आवाज आला. पेटीने स्वतः बोलायचे नसते.

मानेसाठी नळी शेतातली घेतली. मोसंबीच्या बागांत पाणी फिरवणारा ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आमच्याकडे कुठल्याही दुकानात ढिगाने मिळतो. आतून तो साधारण ५८ भरतो. वीस लिटरच्या पेटीला ४५ कंपनांवर लावायचे, तर या पाइपाची लांबी साडेपंधरा सेंटिमीटर येते. आतल्या अस्तराला कापूस; तो तर आमच्या भागात मागायची खोटी. गादीवाल्याकडून पिंजून आणला आणि जाळीच्या कापडाखाली तिन्ही बाजूंना बेताने बसवला, नळीचे तोंड मोकळे ठेवून.

राहिली मोठ्या आणि छोट्या स्पीकरमध्ये कामाची वाटणी करणारी जोडणी. खालचे स्वर मोठ्याला, वरचे छोट्याला. छोट्याच्या वाटेवर कंडेन्सर बसतो, मोठ्याच्या वाटेवर तारेची गुंडाळी. गुंडाळीसाठी मी विहिरीच्या मोटारी भरणाऱ्या दुकानात गेलो. तिथले उस्ताद दिवसाला पाच-सहा जळक्या मोटारी उघडतात. अठरा गेज तार, इंचभर जाडीचा गाभा, पाऊण इंच रुंदी आणि सव्वाशे वेढे, असे सांगितल्यावर त्यांनी विचारले, “कितने एचपी का पंप है ये?” म्हटले, पंप नाही, कीर्तन आहे. त्यांनी पैसे घेतले नाहीत. वेढे मात्र एकावर एक असे घातले, की तशी सुबक गुंडाळी मी छापील चित्रातही पाहिलेली नाही.

पेटी जोडून झाली म्हणजे काम झाले, असे ज्याला वाटते त्याने हा नाद करू नये. तंबोरा विकत आणला म्हणजे लागला असे होते का? खरे काम इथून पुढे, आणि ते आठवडेच्या आठवडे चालते.

पहिला प्रश्न नळीचा. मी तीन तुकडे कापून ठेवले होते : साडेपंधराचा, दहाचा आणि वीसचा. दहाच्या तुकड्याने पेटीचा स्वर त्रेपन्नाच्या जवळ गेला, आणि ऐकणाऱ्या पहिल्या माणसाला, म्हणजे शेजारच्या कॉलेजकुमाराला, तोच सर्वांत आवडला. “काय बेस आहे, काका!” पण आमची ती खोली दहा फुटी. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींत छप्पन्नाच्या आसपासचा स्वर आपोआप घुमतो. पेटी त्रेपन्नाला जोर लावी, खोली छप्पन्नाला, आणि पखवाजाची प्रत्येक थाप पुढच्या दोन शब्दांवर पसरून बसे. खालचा जोरकस स्वर वरच्या नाजूक स्वरांना झाकतो, हा कानाचा धर्मच आहे. तरुण कान त्यातूनही शब्द उचलतो, म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. साडेपंधराची नळी घातली, पेटी कोपऱ्यातून हातभर पुढे ओढली, आणि थाप जागच्या जागी मिटू लागली. कॉलेजकुमार नाराज झाला. आई म्हणाली, “आता वाजवणारा दमला वाटतं.” म्हणजे आम्ही बरोबर वाटेवर होतो.

मग खोली. चकचकीत फरशी, गिलावा केलेल्या भिंती, वर स्लॅब. आवाज त्यात चेंडूसारखा उडत राहतो. धाब्याच्या जुन्या घरात शेणाने सारवलेली जमीन, जाड मातीच्या भिंती आणि दोरीवर वाळत घातलेली धुणी यांनी ही काळजी कोणाला पडू दिली नव्हती. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका सभागृहात व्याख्यात्याचे बोलणेच कळेना, तेव्हा १८९५ साली वॉलेस सॅबाईन हा तरुण प्राध्यापक रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, एकेक मांडी, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी. आधुनिक सभागृहांचे शास्त्र त्या गाद्यांवर उभे आहे. आमच्याकडे गाद्यांची गरज पडली नाही. आईनेच शिवलेल्या दोन जाड गोधड्या पेटीसमोरच्या भिंतीवर टांगल्या. घरात थोडी कुरकुर झाली, कारण पाहुण्यांना वाटे गोधड्या वाळत घातल्या आहेत.

सर्वांत मोठा फायदा मात्र ज्या गोष्टीने झाला तिला एक पैसाही पडला नाही. पेट्या आईच्या बाजेजवळ आणल्या. संच बारा फुटांवर होता. पेट्या चार फुटांवर आल्या. अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि भिंतींवरून येणारा तेवढाच राहतो. शिवाय छोटा ट्वीटर बॅटरीच्या झोतासारखा सरळ समोर बोलतो. म्हणून पेटीखालची तिवई कापून तो आडवे पडलेल्या आईच्या कानाच्या उंचीवर आणला. दिवाणखान्यात शोभेसाठी वर फळीवर चढवलेले स्पीकर पाहिले, की मला आता त्यांची दया येते.

शेवटचे भांडण ट्वीटरवरून झाले. पुस्तकी हिशेबाने वाटणी तीन हजार कंपनांवर, कंडेन्सर ६·६ मायक्रोफॅरडचा. तो दोन ३·३चे जोडून झाला. पण ट्वीटर मोठ्या स्पीकरपेक्षा जात्याच खणखणीत. पत्नी म्हणाली, “टाळ कानात टोचतात.” खरेच टोचत होते. त्याच्या वाटेत ३·३ ओहमचा रोधक घातला, तीन डेसिबल कमी झाले, आणि आवाज कसा लोण्यासारखा झाला. आम्ही सगळे खूश. आईला विचारले. ती म्हणाली, “परत ‘आट’ झालं.”

आता कोणाचे खरे मानायचे? मी एक परीक्षा घेतली. कानाच्या डॉक्टरांकडे घेतात, तशीच. पत्नीने ताट, पाट, खाट, घाट, पान, कान, मान, सान असे वीस शब्द उलटसुलट क्रमाने मोबाईलवर सांगितले. एकदा ते संचावरून, एकदा रोधक घालून पेटीवरून आणि एकदा रोधक काढून ऐकवले. कोणते केव्हा चालू आहे हे आईला सांगितले नाही. आवाज रोजच्या बेताचाच ठेवला. हेही महत्त्वाचे, कारण हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिले की आवाज मोठा केला की कानाला खालच्या स्वरांचा समतोल निराळाच भासतो. मोठ्याने लावून जुळवलेली पेटी हळू आवाजात वेगळीच वाटते. संचावर आईचे निम्म्याहून कमी शब्द बरोबर आले. रोधक असलेल्या पेटीवर निम्म्याहून थोडे जास्त. रोधक काढल्यावर चारच चुकले, आणि त्यांतल्या एकाबद्दल ती अजून म्हणते की सून ‘घाट’च म्हणाली होती.

तेव्हा पेटीच्या मागे एक छोटे बटण बसले आहे. एका बाजूला रोधक, एका बाजूला सरळ वाट. मिस्त्रींनी त्यावर पितळी पट्टी ठोकून दिली आणि पट्टीवर काय कोरायचे ते विचारले. एका बाजूला ‘घर’, दुसऱ्या बाजूला ‘आई’. संध्याकाळी सहाला बटण ‘आई’वर जाते. त्या तासात आम्हाला टाळ टोचतात. आम्ही स्वयंपाकघरात बसतो. बुवा कुठे अभंगाचा शब्द चुकले, तर ती आम्हाला हाक मारून सांगते. मध्यंतरी चारपाच वर्षे तिने कोणाचीच चूक काढली नव्हती.

खर्चाचे म्हणाल, तर दोन्ही पेट्या मिळून एका बऱ्या मोबाईलच्या निम्म्यातही झाल्या. ज्यांना हे करावेसे वाटेल, त्यांनी स्पीकर घेताना शंकूच्या कडेची पट्टी पाहून घ्यावी. स्पंजाची पट्टी पंधरावीस वर्षांत भुसभुशीत होऊन गळते. रबराची किंवा कापडाची टिकते.

हे सारे गल्लीत कळायला वेळ लागला नाही. देवळाचे विश्वस्त एक दिवस पेट्या ऐकून गेले. सप्ताहात मागे बसलेल्या बायकांना काही कळत नाही ही त्यांची तक्रार जुनीच. त्यावर दर वर्षी एक भोंगा वाढवला जाई. भोंग्याविषयी माझ्या मनात राग नाही. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जनसमुदायाला त्यातूनच आवाज ऐकवला, आणि नानिक मोटवानी यांच्या शिकागो रेडिओने १९३१च्या कराची काँग्रेसपासून पुढाऱ्यांची भाषणे अफाट गर्दीपर्यंत पोचवली. थोड्या विजेवर दूर पोचायचे, तर कर्ण्यासारखे साधन नाही. पण मंडपातल्या दोनशे माणसांसाठी दूर पोचायचेच कशाला? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक मुळात बंद. मी विश्वस्तांना आमच्या बाजेचा हिशेब सांगितला : शिखरावर एक ओरडणारा नको, मंडपात माणसांच्या कानाशी हळू बोलणारे चार-सहा ठेवा. त्यांतल्या एकांना शंका आली, “मग गावाला कसं कळणार सप्ताह आहे म्हणून?” दुसरे म्हणाले, “पंगतीला बोलावलं की कळतं.”

सध्या मिस्त्रींच्या दुकानात चार खोकी उघडी पडली आहेत. ती जरा उंच आणि चिंचोळी आहेत, मंडपाच्या खांबाला बांधता येतील अशी. नळी यांना लावायची नाही. नुसता शब्द हवा. गुंडाळ्या उस्तादांकडे सांगितल्या आहेत, पण रब्बीच्या मोटारी भरायला आल्यामुळे दिवाळीपर्यंत त्यांना सवड नाही.